कपडे अदलाबदल, दुरुस्ती शिबिरं आणि ब्रँडशी भागीदारी: याला 'एथिकल' म्हणायचं का?

जुनीसुई
कॉलेजं, महिला गट, एनजीओ, वाचनालयं आणि कपड्यांचे ब्रँड एकत्र येऊन हल्ली जे 'सस्टेनेबल आणि एथिकल फॅशन'चे उपक्रम करतात त्याबद्दल बोलायचंय. म्हणजे कपड्यांची अदलाबदल, दुरुस्तीचं शिबिर, जुने कपडे टाकायची पेटी, आणि शेवटी ब्रँडच्या बॅनरसमोर ग्रुप फोटो. मी स्वतः दुरुस्तीच्या टेबलावर बसते, त्यामुळे उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवत नाहीये. पण सस्टेनेबल एकवेळ म्हणा, एथिकल कशाच्या जोरावर म्हणता? कपडा शिवणारी बाई त्या अख्ख्या भागीदारीत कुठेच नसते. ना ठरवायला, ना सहीला, ना फोटोत.

राना प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली ते आठवा. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळचं सावार, ११०० हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. त्यातल्या काही कारखान्यांचं 'सामाजिक ऑडिट', म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, आधी झालेलं होतं हो. म्हणजे कागद होता, पण 'आम्ही आत जाणार नाही' म्हणायची ताकद कामगाराकडे नव्हती.

त्यानंतर बांगलादेश अकॉर्ड नावाचा जो कारखाना-सुरक्षेचा करार झाला तो मला खरी भागीदारी वाटतो. एका बाजूला युनियन, दुसऱ्या बाजूला ब्रँड, पुढे २०० हून जास्त ब्रँड आले त्यात. स्वतंत्र इंजिनियर तपासणार, रिपोर्ट जाहीर होणार, धोका वाटला तर कामगार काम नाकारू शकणार, आणि दुरुस्तीला पैसा कमी पडला तर ब्रँडला हात वर करता येणार नाहीत. आणि हे नुसतं लिहिलेलं नव्हतं. २०१६ मध्ये युनियननी दोन ब्रँडना हेगमधल्या लवादासमोर खेचलं, दोन्हीकडे तडजोड झाली, त्यातल्या एका ब्रँडने २० लाख डॉलरच्या वर रक्कम मान्य केली. याला म्हणतात बांधिलकी. बाकी सगळं नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

कपाटभर
तुम्ही राना प्लाझा काढलंत की समोरच्याने गप्पच बसायचं, असा प्रकार आहे हा. शनिवारी चार तास हॉल मिळवून सुया-दोरे मांडणाऱ्या लोकांकडून तुम्ही आंतरराष्ट्रीय कराराची अपेक्षा करताय. त्यांच्या हातात काय आहे? नवीन कपडा कमी घेतला जावा एवढंच, आणि ते ते करतात.

आणि ते काही छोटं काम नाही. लोक जीन्स टाकून देतात कारण चेन खराब झाली. चेन खराब झालेलीच नसते बऱ्याचदा, दात सगळे शाबूत असतात, रनर सैल पडलेला असतो, पक्कडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर परत पकडतो आणि नाहीच पकडला तर रनर तेवढा बदलायचा. हे माणसाने एकदा स्वतःच्या हाताने केलं ना, की पुढच्या वेळी कपडा फेकताना तो थांबतो. कुठलंही पोस्टर वाचून हे होत नाही. रिपेअर कॅफेची, म्हणजे लोकांनी एकत्र बसून वस्तू दुरुस्त करायची कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये अशीच सुरू झाली, आज किती देशांत चालू आहे बघा. फ्रान्समध्ये तर २०२३ पासून कपडे-चपला दुरुस्त केल्या की बिलात सवलत मिळते, तिचा खर्च उत्पादकांच्या पैशातून जातो. दुरुस्ती म्हणजे गरिबी असं लोकांना वाटत असतं तर असली योजना कोण वापरणार होतं?

दोरा_अडकला
दुरुस्तीला माझा विरोध नाही पण अदलाबदल आणि पेटी या दोन गोष्टींबद्दल बोलूच. पेटीत पिशवीभर कपडे टाका आणि पुढच्या खरेदीवर कूपन घ्या, ही कुठली बचत? माणूस कपाट रिकामं करतो आणि त्याच दुकानात परत भरून आणतो, वर पुण्य केल्याचं समाधान फुकट.

लोकांना वाटतं पेटीतल्या टीशर्टचा परत टीशर्ट होतो. कपड्यांसाठी जे मटेरियल जगभर वापरलं जातं त्यातलं १ टक्क्याहून कमी परत नवीन कपड्यात जातं, एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या रिपोर्टमधला आकडा आहे. कारण साधं आहे, कॉटन-पॉलिस्टर मिक्स कापड वेगळं करणं अवघड, त्यात स्ट्रेचसाठी इलॅस्टेन घातलेलं, वरून प्रिंट, रिव्हेट, लेबल. बाटल्यांपासून केलेल्या पॉलिस्टरचं कौतुक करतात तेही असंच, बाटलीची परत बाटली होऊ शकत होती, कपडा झाल्यावर तिचा प्रवास बहुतेक तिथेच संपतो.

अदलाबदलीनंतरचं टेबल बघायला कुणी थांबत नाही. चांगले ड्रेस पहिल्या अर्ध्या तासात जातात. उरतं काय तर काखेत पिवळे पडलेले शर्ट, इलॅस्टिक गेलेल्या लेगिंग, गोळे आलेले स्वेटर, कुठल्यातरी इव्हेंटचा लोगो असलेले टीशर्ट ढिगाने. ते गोणीत भरून 'दान' होतात. दान कुठे जातं? निर्यातीच्या गठ्ठ्यात. घानातल्या आक्रा शहरात कांतामांतो मार्केट आहे, तिथे आठवड्याला दीड कोटी नग येतात असा तिथे काम करणाऱ्या ऑर फाउंडेशनचा अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा विकण्यासारखा नसतोच, तो नाल्यातून समुद्रकिनाऱ्यावर. आपली स्वच्छता, त्यांचा उकिरडा.

टाचणी
कांतामांतोला नुसता उकिरडा म्हणू नका, प्लीज. सुमारे ३० हजार लोकांचं पोट आहे त्यावर. तिथले शिंपी मोठे शर्ट उसवून लहान करतात, रंग उडालेल्या जीन्स परत रंगवतात, दोन फाटक्यांतून एक धड कपडा काढतात. जगातली सगळ्यात मोठी दुरुस्तीची जागा कुठे असेल तर ती अशा बाजारात आहे आणि आपण इथे चर्चा करतोय की लोकांना सुई धरायला कसं शिकवावं.

त्रास वेगळाच आहे. व्यापाऱ्याला गठ्ठा न उघडता घ्यावा लागतो, पुष्कळदा उधारीवर, आणि आत काय निघेल ते नशीब. कचरा निघाला तर तोटा त्याचा, पाठवणाऱ्याचा काहीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथे मोठी आग लागली तेव्हा कर्ज डोक्यावर तसंच राहून माल जळाला अनेकांचा. त्यामुळे 'पाठवूच नका' हे उत्तर नाही, 'पाठवणाऱ्याने पैसे भरा' हे उत्तर आहे. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून जुने कपडे वेगळे गोळा करणं बंधनकारक झालंय, उत्पादकाकडून शुल्क घ्यायचंही ठरलंय, पण तो पैसा कपडा शेवटी जिथे पोचतो तिथवर जाणार का, यावर इथल्या भागीदारीवाल्यांनी जरा तोंड उघडावं.

निळागणवेश
एवढं सगळं कशाला, सर्टिफिकेट बघून घ्या की. सामान्य माणसाने अजून काय करायचं? लेबलवर विश्वास नाही ठेवायचा तर मग कपडेच घ्यायला नकोत.

जुनीसुई
@निळागणवेश, सर्टिफिकेट कशाचं आहे ते बघा आधी. सेंद्रिय कापसाचं सर्टिफिकेट मुख्यतः धागा आणि प्रक्रिया तपासतं, जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या सर्टिफिकेटसारख्यात कामगारांचे निकष आहेत पण तपासणी शेवटी ऑडिटवरच चालते. आणि ऑडिटचं सांगू? सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीत अली एंटरप्रायझेस नावाच्या कारखान्याला आग लागली, २५० हून जास्त माणसं मेली, खिडक्यांना गज आणि बाहेर पडायचे दरवाजे बंद. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए८००० हे कामगारहक्कांचं सर्टिफिकेट मिळालं होतं. ऑडिटर तारीख ठरवून येतो आणि संध्याकाळी जातो. तिथे रोज असतो तो कामगार.

म्हणून मला दिंडिगुलचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. तामिळनाडूत एका तरुण कामगार मुलीच्या खुनानंतर दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने लढा दिला, एशिया फ्लोअर वेज अलायन्ससारख्या संघटना सोबत आल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये कपडे शिवून देणारी ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि ब्रँड एच अँड एम यांच्याशी करार झाले. त्यात मशीनवर बसणाऱ्या बायकांनाच ट्रेनिंग देऊन फ्लोअरवर लक्ष ठेवायला नेमलंय. सुपरवायझर अंगावर ओरडला, नको तिथे हात लावला, तर तक्रार करायला शेजारच्या मशीनवरचीच बाई आहे, कुठल्या हेल्पलाइनचा नंबर शोधत बसायला नको. कारखान्याने करार मोडला तर ब्रँडला त्याच्यावर कारवाई करावी लागते. भागीदारी या शब्दाला इतका अर्थ तरी असावा.

कपाटभर
मान्य, चांगला करार आहे. पण घरी बसून मोती-टिकल्या लावणारी, काज-बटण करणारी, धागे कापणारी जी बाई आहे तिचं काय? ठेकेदार पिशवी आणून टाकतो, नगावर पैसे, ब्रँडचं नावही तिला माहीत नसतं. अकॉर्ड काय नि दिंडिगुल काय, तिच्या दारापर्यंत कुणी येत नाही. तिथे पोचतो तो वस्तीतला महिला गटच, तुम्ही ज्याच्या ग्रुप फोटोला हसताय तो. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये शिवणकामगारांना नगावर पैसे देणं बंद करणारा कायदा झाला, तासाचं किमान वेतन आलं, आणि घेणाऱ्या ब्रँडलाही थकलेल्या पगाराला जबाबदार धरलं. ते लॉस एंजेलिसमधल्या कामगार केंद्राने वर्षानुवर्षं रेटलं आणि ग्राहकांचे गट, छोटे ब्रँड मागे उभे राहिले. अदलाबदलीला येणारी माणसंच उद्या अशा मागणीवर सही करायला येतात, त्यांना आजच हाकलू नका.

जुनीसुई
हाकलत नाहीये, उलट मला तेच पाहिजे. पण केंद्र आधी होतं, कामगार पुढे होते, ग्राहक मागे. आपल्याकडच्या कार्यक्रमात ब्रँड पुढे असतो आणि कामगार नसतोच. घरी बसून काज-बटण करणाऱ्या बाईचा मुद्दा मात्र बरोबर आहे, म्हणूनच म्हणते, गटाने ब्रँडकडून बॅनर आणि बिस्किटं घेण्याऐवजी पुरवठादारांची यादी मागावी, ठेकेदारांसकट.

शिवणक्लास
आमच्या क्लासला एका ब्रँडने मशीन, ओव्हरलॉक आणि हॉलचं भाडं देऊ केलंय, बदल्यात त्यांचं नाव आणि पेटी ठेवायची. मुली गरीब आहेत, मशीन हवी आहे. वरचं सगळं वाचून आता हो म्हणू की नाही?

कपाटभर
हो म्हणा. मशीन येऊ दे.

जुनीसुई
मशीन घ्या, पेटी घेऊ नका. पेटी ठेवायचीच असेल तर गोळा झालेला माल कुणाला जातो, कुठल्या बंदरातून जातो आणि न विकलेला कोण उचलतो हे लेखी मागा. आणि बॅनरवर 'एथिकल' लिहायचं असेल तर त्यांचे कपडे कोणत्या कारखान्यात शिवले जातात ती यादी त्याच बॅनरवर लावायला सांगा.

कपाटभर
म्हणजे मशीन गेली.

टाचणी
गेली तर कळलं तरी ती कशासाठी देत होते. @शिवणक्लास, त्यांच्या माणसाला फोन करायच्या आधी मशीन क्लासच्या नावावर देणार की वापरायला देणार तेवढं विचारून घ्या, वर्षभराने परत न्यायला आले तर मुलींनी अर्ध्यात काय करायचं.