टकोमा पिकअपच्या मागच्या हौद्यात झोपायचं की छतावर तंबू लावायचा?

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरहून युटामधल्या मोआबच्या बाजूला तीन आठवडे निघतोय, मी आणि बायको. टकोमाचा हौदा ५ फुटी, माझी उंची ५ फूट ९ इंच. मागच्या खेपेला मागची फळी उघडी टाकून तिरका झोपलो. पहाटे पायांशी आईनं शिवलेली गोधडी दवानं चिंब! फार वाईट वाटलं. कॅनोपी (हौद्यावर बसणारं बंद टोपण) घेऊ की छतावरचा तंबू?

उत्तर : तंबू घ्या, उंचीचा प्रश्नच मिटतो. पण आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा, म्हणजे गाडी किती वजन पेलते त्याचा, स्टिकर वाचा. त्या आकड्यात तुम्ही दोघंही आलात. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो तिथंच गेले.

उत्तर : मी कॅनोपीच म्हणेन. वारा सुटला की तंबूचं कापड रात्रभर फडफडतं, डोळ्याला डोळा लागत नाही. आत प्लायवुडचा ओटा करा, उघड्या फळीपर्यंत लांबवा, वर ताडपत्रीचा पडदा. लिथियम बॅटरी असेल तर तापमान शून्य अंश सेल्सियसखाली असताना चार्ज करू नका, रात्री केबिनमध्ये ठेवा. आणि कितीही गारठा असो, आत शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हो.

प्रश्नकर्ता : ओटाच करतो. शनिवारी प्लायवुड आणतो, मापं इथं टाकतो.