हळू पळणारं कोणी आहे का इथं? (टायमिंग विचारू नका)

बार्शीनाका_बीड

राम राम मंडळी. वय ४४, बसून करायची नोकरी, राहायला बीडात. गेल्या उन्हाळ्यापासून सकाळी पळायलो. पळायलो म्हणजे काय, किमीला नऊ मिनिटं लागतात, कधी साडेनऊ, चढ आला की सरळ चालतो. पण खरं सांगू का, लई मजा येते. साडेपाचला बाहेर पडलं की रस्त्यावर दूधवाले, पेपरवाले अन् आपण, थंडीत तर विचारूच नका, डोकं पार रिकामं होतं आणि दिवसभर कोणावर खेकसत नाही (हे बायकोचं मत आहे, माझं नाही).

अडचण पळायची नाही, लोकांची आहे. जो भेटंल त्याचा पहिला प्रश्न टायमिंग किती, दुसरा मॅरेथॉन कधी. ऑफिसातल्या एकानं ग्रुपवर घेतलं, तिथं रोज सकाळी प्रत्येकाच्या घड्याळाचा फोटो, आकडे, नकाशा, खाली अंगठे. मी एकदा टाकला तर "साहेब चालत होते का" म्हणून हसणारी तोंडं आली. तवापासून पळताना सारखं मनगटाकडंच बघायलो, मजा निम्मी झाली. ग्राउंडवर भरतीची पोरं माझ्या एका राउंडमधी दोन मारतात, त्याचं काही वाटत नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. अविनाश साबळे आमच्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, ३००० मीटर स्टीपलचेस अडथळे अन् पाणी ओलांडत ८ मिनिटं १० सेकंदाच्या आत संपवलीय त्यानं, तेवढ्यात माझा एक किमी सुद्धा होत नाही. ह्याचंही वाईट वाटत नाही, उलट भारी वाटतं. पण आपल्याच वयाच्या, आपल्यासारखंच पोट सुटलेल्या माणसानं नाक मुरडलं की लागतं.

तर प्रश्न असा की स्पर्धा करायचीच नाही, वेगही वाढवायचा नाही, मग असं पळण्यात काही अर्थ आहे का उगं वेळ घालवायलो? आणि तुमच्यापैकी कोणी असं निवांत पळत असंल तर मजा टिकवायला काय करता? डाएट प्लॅन नका सांगू, भाकरी सुटणार नाही.

सरळसोट_नांदेड

राग मानू नका भाऊ, पण नऊ मिनिटाला किमी ह्याला पळणं कामून म्हणायचं? त्यापेक्षा झपझप चाला, गुडघे तरी वाचतील. आमच्याकडं घाटावर सकाळी साठीतले काका लोक तुमच्या बरोबरीनं चालायलेत. माणसानं काही करायचं तर टार्गेट ठेवून करावं नाहीतर करूच नये, असं माझं मत.

भरतीवाला_मास्तर

लातूरला पोरांची पोलिस भरतीची तयारी करून घेतो, म्हणून ह्यावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे समजा.

आधी सरळसोट भाऊंना. चालणं अन् पळणं ह्यातला फरक वेगाचा नाहीच. चालताना एक ना एक पाय जमिनीला टेकलेला असतो, पळताना प्रत्येक पावलागणिक क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. एवढंच. चालण्याच्या शर्यतीतले जगातले टॉपचे लोक २० किमी अंतर किमीला चार मिनिटांच्या आत चालतात, म्हणजे ते चालत चालत तुम्हा आम्हा सगळ्यांच्या पुढं जातील, मग काय आपण बसून होतो म्हणायचं का?

आता साहेब तुमचं. भरतीत पुरुषांना १६०० मीटरला पुरे २० मार्क पाहिजेत तर ५ मिनिटं १० सेकंदात संपवावं लागतं, मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदात. म्हणून प्रत्येक नवं पोरगं आलं की रोज १६०० फुल ताकदीनं मारतं आणि महिना झाला की नडगी धरून बसतं. रोज फुल पळणारं पोरगं म्हणजे रोज परीक्षाच देणारं पोरगं, अभ्यास कधी करणार? त्याला आठवड्यातले जास्तीचे दिवस मी हळूच पळवतो, इतकं हळू की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. दम वाढतो तो ह्याच पळण्यानं. दुसरी गोष्ट, काळीज अन् फुफ्फुस लवकर तयार होतात, हाडं अन् स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरा मागं राहतात, त्यांना महिनोन्महिने लागतात. चाळिशीनंतर तर आणखीच. म्हणजे तुम्ही जे मजेत करायलात ते माझ्या पोरांकडून मी ओरडून करून घेतो.

आणि एक बघितलेलं सांगतो. माझ्याकडची जी पोरं भरती झाली त्यातली बरीचशी नंतर पळतच नाहीत. ट्रेनिंग संपलं, पोस्टिंग मिळाली, बूट माळ्यावर. गावी आली की भेटतात, पोट आलेलं असतं, विचारलं तर म्हणतात सर आता कशासाठी पळायचं. त्यांचं चुकलं असं नाही म्हणत मी, आकड्यासाठी पळत होते, आकडा मिळाला, विषय संपला. तुम्हाला मिळवायचंच काही नाही म्हणल्यावर तुमचं थांबणार कशावर? तो ग्रुप म्यूट करा आधी.

जाऊबाई_जोरात

परभणीहून. मी आणि माझी धाकटी जाऊ आम्ही दोघी कृषी विद्यापीठात पळायला जातो, आमचा वेग किती हे देवाला माहीत कारण दोघीकडं पण घड्याळ नाही. मास्तर म्हणले तसं गप्पा मारता येतील तो वेग, आमच्यात तर गप्पांसाठीच पळणं आहे. घरात दोघींना दहा मिनिटं मोकळं बोलायला मिळत नाही, एक पोळ्या करायली की दुसरी डबे भरायली, मधी सासूबाई. तिथं चाळीस मिनिटं कोणी हाक मारत नाही. एखाद्या दिवशी विषय जास्त रंगला की एक चक्कर जास्ती होते, कळत पण नाही.

सुरुवातीला बाया विचारायच्या, काय गं कुठं आग लागली का. पंजाबी ड्रेसवर ओढणी कंबरेला बांधून पळायचो, आता टी शर्ट ट्रॅकपँट घालतो, बघणाऱ्यांची सवय झाली. एक पुरुष मागून येऊन रोज सल्ला द्यायचा, मॅडम हात असे ठेवा, पाय असा टाका, त्याला एक दिवस जाऊनं विचारलं भाऊ तुम्ही कोणत्या ऑलिम्पिकला होता. नंतर तो लांबूनच जातो 😄

हळू पळण्याचा फायदा म्हणजे दिसतं. जानेवारीत ज्वारीच्या प्लॉटला कणसं भरतात, पाखरांचे थवेच्या थवे उतरतात आणि एक बाबा माचाणावर बसून पत्र्याचा डबा बडवतो, एका हातात चहाचा कप तसाच धरून, डबा वाजला की अख्खा थवा उठतो आन दोन प्लॉट सोडून तिसऱ्यावर जाऊन बसतो, तिथला माणूस मग ह्याच्या नावानं बोंबलतो. रोजचं भांडण. आम्ही तर ते बघायला थांबतो चक्क. जोरात पळणाऱ्याला हे दिसंल का?

माझी भाची लंडनला असते, ती सांगायली की तिथं दर शनिवारी बागेत ५ किमी पळतात, पार्करन म्हणतात त्याला, फुकट असतं. २००४ ला तिथल्याच एका बागेत १३ जणांनी सुरू केलं, आता कितीतरी देशात आहे. मला त्यातलं एक फार आवडलं, सगळ्यात मागं एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, शेवटचा नंबर ठरवून त्याचाच. म्हणजे मागं राहिलेल्याला मी शेवटची आले असं वाटायलाच नको. आपल्याकडं मागं राहिलेल्याला टेम्पोत घालतात.

सरळसोट_नांदेड

मास्तर, दोन्ही पाय हवेत वालं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही, टार्गेट शिवाय माझं स्वतःचं अंथरूण सुटत नाही, प्रत्येकाचा स्वभाव. ताई, ऑलिम्पिकवालं एक नंबर.

मुकुंदराज_रोड

अंबाजोगाई. शिक्षक होतो, आता रिटायर. मी पळतो कमी, चालतो जास्त, आणि ठरवून. आमच्याकडं मुकुंदराजांच्या समाधीकडं जाणाऱ्या रस्त्याला चढउतार आहेत, तिथं सपाटीला दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, चढाला पूर्ण चालायचं. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं, ह्यातच गंमत आहे. जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकेचा पळणारा होता, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला १०,००० मीटर पळालेला, त्यानंच ही पळा चाला पद्धत लोकांना शिकवली. ऑलिम्पिकवाला माणूस चाला म्हणतो तिथं ग्रुपवरल्या लोकांचं काय मनावर घेता.

जपानातले एक प्राध्यापक होते, हिरोआकी तनाका, फुकुओका विद्यापीठात. त्यांनी तर अगदी हळू पळण्यावरच काम केलं. त्यांचं माप एकच, चेहऱ्यावर हसू ठेवून पळता येतंय का. पावलं छोटी, घासत नाही, हलकी.

एक काळजी मात्र घ्या. मार्च लागला की आपल्या भागात सातलाच ऊन चटका द्यायला लागतं. तापलेल्या हवेत शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडं जास्त जातं, त्यामुळं तोच वेग असला तरी काळीज जोरात चालतं. उन्हाळ्यात घड्याळ बघून पळणारा तिथंच फसतो, हिवाळ्यातला आकडा मेमध्ये काढायला जातो. तुमच्या वयाला एकदा बीपी, शुगर तपासून घ्या, छातीत दाटलं किंवा चक्कर आली तर मजा बिजा बाजूला ठेवून आधी दवाखाना.

बार्शीनाका_बीड

सगळ्यांना धन्यवाद, सर तुम्हाला विशेष. ग्रुप म्यूट केला. सोडला असता पण त्यात आमचे मोठे साहेब आहेत 🙂 घड्याळ मुलाला दिलं, तो त्याच्यावर आता क्रिकेटचा स्कोअर बघायलाय. जाऊबाई, तो डबा वाजवणारा बाबा बघायला परभणीला यावं लागतं आता.

सरळसोट भाऊ, तुमचं पण चूक नाही, माझ्या साडूचा स्वभाव सेम असाच आहे.

आता खरा प्रश्न राहिला तो कुत्र्यांचा. आमच्या गल्लीच्या तोंडाला चार पाच आहेत, चालणाऱ्याला काही करत नाहीत, मी पळायला लागलो की मागं लागतात. हळू पळून पण!

जाऊबाई_जोरात

पळू नका, तिथं चालाच. मागं लागलं तर थांबायचं, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, हात अंगाजवळ, ओरडायचं नाही, आणि हळूच तिरपं तिरपं निघायचं. पाठ दाखवून पळालं की ते आणखी चेकाळतं. आम्ही त्या कोपऱ्यापासून पुढच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चालतच जातो आणि मग सुरू करतो. लागोपाठ आठवडाभर एकाच वेळी गेलात की ओळखायला लागतात.

भरतीवाला_मास्तर

बरोबर आहे ताईचं. आणि बिस्कीट अजिबात टाकू नका साहेब, आमच्या एका पोरानं टाकलं, आता सगळी टोळी रोज ग्राउंडपर्यंत त्याच्यासोबत पळत येते, १६०० ला सुद्धा.