घरातलं छोटं कुत्रं आणि शी-शूची सवय : सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव सांगा

ओळखीतल्या एका घरानं गेल्या महिन्यात शिह त्झूचं पिल्लू जिथून आणलं तिथे परत दिलं. कारण काय, तर ते सोफ्यामागे शू करायचं. चार महिन्यांचं पिल्लू! फार वाईट वाटलं, कारण ही अडचण सुटते. आपल्याकडे आता फ्लॅटमध्ये पॉमेरेनियन, पग पाळणारी घरं बरीच झालीत, पण कुणाला विचारावं तर "नाक घासा त्यात" एवढाच सल्ला मिळतो. त्यानं कुत्रं शिकत नाही, आपल्याला घाबरून कपाटामागे जाऊन शू करायला लागतं. म्हणून ज्यांना जमलंय त्यांनी इथे सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. आमची बर्फी, पॉमेरेनियन. घर तिसऱ्या मजल्यावर. लसी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर उतरवायचं नव्हतं, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यात रद्दी अंथरली. ढोबळ हिशेब असा, की पिल्लाचं वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त थांबू शकतं. छोट्या जातीचं त्याहून कमी, कारण लघवीची पिशवीच एवढीशी. झोपून उठली, जेवली, खेळून दमली की लगेच गॅलरीत. फरशी हुंगत गोल फिरायला लागली की हातातलं काम टाकून उचलायची. शू झाली की खाऊ तिथेच, त्याच क्षणी. आत आल्यावर दिला तर तिला वाटतं, आत आल्याबद्दल मिळाला. आणि कागद बदलताना जुन्याचा ओला तुकडा नव्याखाली ठेवायचा, वासानं जागा ओळखते.
– शाहूपुरी, सातारा

ताई, खाऊचं लिहिलंत म्हणून आधी एक महत्त्वाचं सांगतो. आपल्या सांगलीच्या घरात बेदाणे डब्यात कायम असतात आणि पटकन हातात तेच येतात. कुत्र्याला बेदाणा आणि द्राक्ष चालत नाही. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा काही नेम नाही. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा पुरतो.

आता आमच्या पगची गोष्ट. तो बाकी कुठे नाही, फक्त आईच्या वाकळेवर शू करायचा. आईला वाटायचं, माझ्यावर राग आहे याचा. राग कसला? लहानपणी त्याला मऊ पॅडवर सवय लावलेली, पायाला मऊ लागलं की त्याच्या दृष्टीनं तीच जागा. वाकळ दिवसा घडी करून वर ठेवली, पॅड काढून ट्रेमध्ये हरळीचा गड्डा लावला, आणि फरशीचं फिनेल बंद केलं. फिनेलनं आपल्या नाकाला वास जातो, त्याच्या नाही. जनावरांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते टाकून थोडा वेळ मुरू द्यायचं आणि मग टिपायचं. वाकळ आता पुन्हा दिवसभर पलंगावर असते.
– विश्रामबाग, सांगली

आमची अडचण पावसाची. साताऱ्याचा जुलै तुम्हाला माहीत आहे. डॅशहंडचं पोट जमिनीलगत, ओलं गवत लागलं की तो दारातूनच मागे फिरतो आणि आत येऊन पायपुसण्यावर मोकळा होतो. पार्किंगमध्ये छताखाली कोरडी जागा ठरवली, मी स्वतः छत्री घेऊन सोबत उभी राहते. शू झाल्याबरोबर घरात आणायचं नाही, थोडं फिरवायचं. नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे त्याला कळतं आणि तो मुद्दाम धरून ठेवतो.
– गोडोली, सातारा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही मोतीला घेऊन मिरजेला मावशीकडे होतो. शिकलेला, वयानं मोठा कुत्रा, पण तिथे रोज हॉलमध्ये शू. मावशी काही बोलली नाही, पण आम्हाला अवघड व्हायचं. डॉक्टर म्हणाले, घर बदललं की सवय मोडते, त्याला नवं पिल्लू समजून पहिल्यापासून शिकवा. तसंच केलं. ठरलेल्या वेळा, गळ्यात पट्टा, रोज तीच जागा. निघताना त्याचं बसायचं गोणपाट सोबत घेतलं होतं, ते मावशीच्या दाराशी टाकल्यावर तो बराच निवला. परत घरी आल्यावर पुन्हा तेच सगळं करावं लागलं, कारण पुराच्या चिखलानं त्याचे ओळखीचे वासच पुसले होते.
– गावभाग, सांगली

मोठी कुत्री अचानक घरात करायला लागली तर सवयीचा विचार नंतर, आधी लघवी तपासून घ्या. आमची थेंब-थेंब करत होती, सारखी चाटत होती. जंतुसंसर्ग निघाला. औषधाचा कोर्स पूर्ण केल्यावर एकदाही घरात केली नाही. इतके दिवस तिला दुखत होतं, हे मनातून जात नाही.
– कराड

पाहुणे आले की आमची कुत्री शेपूट हलवत जागेवरच शू करते. ती आनंदाची असते, ओरडलं की वाढते. पाहुण्यांना सांगून ठेवलंय, आल्याआल्या तिच्याकडे बघू नका, वाकू नका. बसा, पाणी प्या, मग हाक मारा.
– करंजे, सातारा

रात्रीचं काय करता? आमचं पिल्लू पहाटे तीनला रडतं.
– मिरज

मिरजकर, रडतंय म्हणजे ते सांगतंय, हे चांगलंच आहे. दिवा न लावता, न खेळवता जागेवर न्या आणि परत झोपवा. संध्याकाळचं जेवण सातच्या आत द्या. झोपण्याआधी तासभर आम्ही पाण्याचं भांडं उचलायचो, पण एप्रिल-मेमध्ये नाही. त्या उन्हाळ्यात पाणी तोडू नका, त्यापेक्षा एकदा उठा.
– विश्रामबाग, सांगली