मदत हवी आहे: क्लच दाबला की गाडी बंद पडते

मंडळी, पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल गिअरची, केबलवाला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप). थंड इंजिन व्यवस्थित चालू होतं. गरम झालं की आयडलचा (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं त्या वेगाचा) काटा ६०० ते १२०० आरपीएममध्ये झोके घेतो. सिग्नलजवळ वेग कमी करत क्लच दाबला की आरपीएम धाडकन खाली येतो, कधी सावरतो, कधी इंजिन बंद. एसी चालू असेल तर हमखास.

प्लग नवे आहेत, थ्रॉटल बॉडी साफ केली आहे, चेक इंजिनचा दिवा लागत नाही. स्कॅनरवर आयडलला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती कमी-जास्त करतो ते) अधिक १८ टक्के दिसते आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्यावर येते. म्हणजे कुठूनतरी जादा हवा आत येतेय असं मला वाटतं. मेकॅनिक मात्र थेट ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला म्हणतो, ते काही पटत नाही.

पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारा) पाइप, ब्रेक बूस्टरची (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची) नळी की इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, आधी काय तपासू? गळती शोधायला गरम इंजिनवर क्लीनर फवारायची भीती वाटते, आग लागायची. धुराची टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं) कोणी केली आहे का? आणि आयडलची हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह अडकत असेल तर तो वेगळा कसा ओळखायचा?