स्वतः शिकलेल्या स्कूबा डायव्हरला प्रमाणपत्राची सक्ती असावी का?

निळाई (धागाकर्ती)

मालवण, तारकर्ली आणि देवबाग या पट्ट्यात पर्यटकांना स्कूबा डायव्हिंग घडवणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण कोणत्याही वर्गात न बसता, वाडीतल्या थोरांबरोबर पाण्यात उतरून शिकलेले आहेत. त्यांच्या धाडसाविषयी आणि समुद्राच्या जाणकारीविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही पाठीला सिलेंडर लावून दुसऱ्या माणसाला पाण्याखाली नेणाऱ्या प्रत्येकाने रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र घेतलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडत आहे.

वारंवार जे घडते तेच अनुभव शिकवतो. डायव्हिंगमध्ये मात्र जीव जातो तो क्वचित घडणाऱ्या गोष्टींमुळे. लहानपणापासून दमावर बुडी मारून कालवे काढणाऱ्या मुलाच्या अंगी एक सवय पक्की भिनलेली असते, ती म्हणजे अडचण आली की श्वास धरून ठेवायचा आणि सरळ वर यायचे. दमावरच्या बुडीत ही सवय त्याला वाचवते, कारण फुप्फुसातली हवा त्याने वरूनच नेलेली असते आणि वर येताना ती मूळच्या आकाराला येते, त्यापलीकडे फुगत नाही. सिलेंडर लावल्यावर मात्र तीच सवय घात करते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो; तेथे सिलेंडरची हवा तोंडाशी देणाऱ्या रेग्युलेटरमधून छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर ती दुप्पट जागा मागू लागते, फुप्फुसाची ऊती फाटते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. त्यासाठी फार खोलीही लागत नाही, कारण जेमतेम सव्वा-दीड मीटरवरूनही हा अपघात होऊ शकतो. अशा वेळी हात आणि छाती आपोआप योग्य तेच करतील, इतका सराव कोणाच्या तरी देखरेखीखाली व्हावा लागतो. वीस वर्षे काही झाले नाही म्हणून तो सराव झाला, असे मानता येणार नाही.

रापण

धागाकर्तीने सांगितलेल्या विज्ञानाविषयी माझा वाद नाही, निष्कर्षाविषयी आहे. जगभर चालणारा पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम चार-पाच दिवसांत पुरा होतो. त्यात दोनशे मीटर पोहणे, दहा मिनिटे पाण्यावर तरंगणे आणि खुल्या पाण्यात चार बुड्या एवढे केले की अठरा मीटरपर्यंत जाण्याचे कार्ड हाती पडते. ते कार्ड एकदा मिळाले की आयुष्यभर चालते. मधली दहा वर्षे माणूस पाण्यात उतरला नाही तरी ते रद्द होत नाही. आता दुसऱ्या बाजूला असा माणूस ठेवा, ज्याला उधाणाच्या दिवसांत पाण्याला किती ओढ असते, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, ते कधी निवळते, नोव्हेंबरात कोणत्या खडपापाशी तळ दिसतो आणि वारा फिरल्यावर किती वेळात होडी हलवावी लागते हे पाठ आहे. माझ्या मुलीला पाण्यात न्यायचे असेल तर मी या दुसऱ्याकडेच देईन.

शिवाय प्रमाणपत्र देणाऱ्या बहुतेक संस्था परदेशी आहेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या तर खासगी कंपन्याच आहेत. पुस्तके इंग्रजीत, शुल्क सामान्य मच्छीमाराच्या आवाक्याबाहेर. पर्ससीनच्या (मोठ्या घेर जाळ्यांच्या) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने पारंपरिक मच्छीमाराचे जाळे रिकामे केल्यावर त्याची मुले या धंद्यात आली. उद्या सक्ती झाली तर कार्ड असलेला मुंबई-पुण्याचा मनुष्य किनाऱ्यावर दुकान थाटेल आणि ज्याचा समुद्र तो त्याच्याकडे सिलेंडर उचलायला राहील. झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी 1943 मध्ये अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे साधन तयार केले तेव्हा त्यांना तरी कोणी प्रमाणपत्र दिले होते?

नाविक

‘रापण’ यांच्या कूस्तोच्या उदाहरणाला उत्तर द्यावेसे वाटते. त्या पिढीजवळ कार्ड नव्हते, परंतु आधीच्या पिढीने मोजून ठेवलेले ज्ञान होते. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये खोली आणि वेळ यांची कोष्टके प्रसिद्ध केली. खोलीवरच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुडे होऊन इजा करतो; तो बाहेर पडायला किती अवधी लागतो, हे पाण्यात राहून कोणालाही जाणवत नाही. ते मोजावेच लागते आणि मोजलेले शिकावेच लागते.

माझा संबंध कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीशी येतो, म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका होडीवर सिलेंडर भरण्याचा कॉम्प्रेसर डिझेल इंजिनालाच जोडलेला होता आणि हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड धुराड्यापासून हातभर अंतरावर, एका कडीला सुतळीने बांधलेले होते. वारा समोरून असेपर्यंत सगळे ठीक चालत असे. वारा फिरला की धूर थेट नळीत जाई आणि दोनशे बारपर्यंत (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट) दाबून सिलेंडरमध्ये भरला जाई. संध्याकाळी पोरांचे डोके दुखे, मळमळे. ते उन्हाचा त्रास समजून लिंबूपाणी घेत. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. खोलीवर दाब वाढल्याने श्वासातला त्याचा मारा वाढतो; पण तेथे ऑक्सिजनचा दाबही वाढलेला असल्याने तो काही काळ जाणवत नाही आणि माणूस वर येऊ लागतो तेव्हा शुद्ध हरपण्याची वेळ येते. ती पोरे समुद्रात कोणापेक्षाही सरस होती. नळीचे तोंड वाऱ्याच्या बाजूला आणि उंच ठेवायचे, फिल्टर तासांच्या हिशेबाने बदलायचा, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नव्हते आणि समुद्र ते सांगत नाही.

खाडीकाठ

मला येथे दोन वेगळे प्रश्न दिसतात. जो स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरतो, त्याच्यावर सक्ती कशासाठी? सह्याद्रीतल्या कड्यांवर चढणाऱ्या प्रत्येकाकडे आपण कागद मागत नाही. जो पैसे घेऊन दुसऱ्याला नेतो, त्याचा प्रश्न निराळा आहे, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला धोक्याची कल्पना नसते. दमा आहे का, सर्दीने कान बंद आहेत का, हृदयाचे काही दुखणे आहे का, रात्री दारू घेतली होती का, आज रात्रीचे परतीचे विमान आहे का, हे त्याने होडीत बसण्यापूर्वी विचारले पाहिजे. एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानप्रवास टाळावा, हा सर्वमान्य सल्ला किती पर्यटकांना किनाऱ्यावर सांगितला जातो?

निळाई

‘खाडीकाठ’ यांची विभागणी मला अर्धीच मान्य आहे. कड्यावरून पडलेल्याला सोडवायला जाणारा दोराने बांधलेला असतो. पाण्याखाली घाबरलेला माणूस पहिल्यांदा शेजाऱ्याचा रेग्युलेटर ओढतो. एकट्याची जबाबदारी तेथे एकट्याची राहत नाही.

‘रापण’ यांचा न लिहिलेला मुद्दा असा असावा की मालवणातल्या बुड्या सहा-आठ मीटरच्या, तेव्हा नायट्रोजनची भीती कशाला. पर्यटकापुरते ते खरे आहे. गाईडचे काय? हंगामात तो दिवसभर एकामागून एक माणसाला घेऊन खाली जातो आणि वर येतो. वारंवार वर-खाली करणे हाच मुळात वेगळा धोका आहे, कारण प्रत्येक चढणीला फुप्फुस आणि कान यांवर ताण येतो आणि सर्वाधिक फरक शेवटच्या दहा मीटरमध्येच पडतो. होंडुरासच्या किनाऱ्यावरील मिस्कितो समाजाचे लॉबस्टर पकडणारे डायव्हर पहा. वर्षानुवर्षे पाण्यात घालवलेली ही माणसे. पण मालकांनी ना प्रशिक्षण दिले ना धड साधने, आणि खोल बुड्यांवर बुड्या मारून त्यांच्यातले कित्येक जण कमरेखाली लुळे झाले. 2021 मध्ये आंतर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयाने त्या प्रकरणात होंडुरासच्या शासनाला जबाबदार धरले. प्रशिक्षणाचा आग्रह मी पर्यटकाइतकाच त्या गाईडच्या पाठीच्या कण्यासाठी धरते आहे.

रापण

मिस्कितोंचे उदाहरण मला हलवून गेले, हे मान्य करतो. परंतु ते प्रशिक्षणाइतकेच मालकाच्या लोभाचे उदाहरण आहे आणि कार्ड देऊन लोभ थांबत नाही.

तरीही सक्ती येणारच असेल तर ती कशी यावी, हे सांगतो. वीस वर्षे पाण्यात असलेल्या माणसाला नवशिक्या पर्यटकांच्या रांगेत बसवू नका. त्याची परीक्षा घ्या आणि ती समुद्रात घ्या. तळाशी मास्क काढून पुन्हा घालायला लावा, हवा संपलेल्याला दुसरा रेग्युलेटर देऊन शांतपणे वर आणायला सांगा, बेशुद्ध माणसाला होडीत चढवायला लावा. जे येणार नाही तेवढेच शिकवा. लेखी भाग मराठीत असू द्या, तोंडी उत्तरे चालू द्या. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथे जून ते ऑगस्ट या बंद काळात, जेव्हा तसेही कोणी पाण्यात उतरत नाही, स्थानिकांसाठी तलावातले वर्ग घ्या, तोंडी परीक्षा घ्या, समुद्रातली परीक्षा ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर घ्या आणि खर्च शासनाने उचलावा. एवढे झाले तर माझा विरोध राहत नाही.

निळाई

परीक्षा समुद्रात आणि मराठीत, हे मला पूर्ण मान्य आहे. कंपनीच्या मक्तेदारीविषयीची आपली तक्रारही रास्त आहे. पण डायव्हरला किमान काय यायला हवे हे सांगणारे आयएसओ 24801 हे आंतरराष्ट्रीय मानक कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही आणि त्याच्या आधारे आपली परीक्षा आपण बांधू शकतो.

दोन गोष्टींत मात्र अनुभवाची सूट देऊ नये. एक, वैद्यकीय तपासणी. दुसरी, अपघातानंतरची पहिली मदत. माणूस वर आल्यावर त्याचा हात बधिर झाला किंवा बोलणे अडखळले, तर शुद्ध ऑक्सिजन तत्काळ सुरू करून त्याला दाबकक्षाची (वाढीव दाबाखाली ठेवून उपचार करण्याच्या बंद खोलीची) सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे लागते. ऑक्सिजनची टाकी होडीवर आहे का, ती भरलेली आहे का, मुखवटा कोणाला लावता येतो आणि फोन कोणाला करायचा, ही उत्तरे त्या दिवशी शोधण्याची नसतात. या दोन्ही बाबी नव्या-जुन्या सर्वांना सारख्याच शिकवल्या जाव्यात आणि दर दोन वर्षांनी पुन्हा तपासल्या जाव्यात. आयुष्यभराच्या कार्डावर आपण घेतलेला आक्षेपही त्याने दूर होईल.

नाविक

त्या यादीत कॉम्प्रेसरची तपासणी घालावी, अशी विनंती आहे. हवा भरणाऱ्याचीही परीक्षा व्हायला हवी, मग तो स्वतः कधी पाण्यात उतरत नसला तरी.