आइसलँडची फेरी: कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

समीर: सर्वांना नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि नेहा आइसलँडला जात आहोत. स्वतः गाडी चालवत सात दिवसांत, देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडची पूर्ण फेरी करावी आणि मध्ये एक दिवस लांडमन्नालायगारच्या रंगीत डोंगरांकडे आत वळावे, असा बेत आहे. रस्ता साधारण १,३२० किलोमीटरचा आहे, म्हणजे दिवसाला दोनशेही होत नाहीत. आत्या, तू जाऊन आली आहेस, तेव्हा हॉटेले ठरवण्याआधी तुझे मत हवे आहे.

वसुधाआत्या: समीर, भागाकार बरोबर आहे, पण तो पुणे-बंगळूर रस्त्याचा भागाकार आहे. डांबरी रस्त्यावर कमाल वेग ताशी ९० आणि खडीच्या रस्त्यावर ८० असला, तरी दर अर्ध्या तासाने तुम्ही धबधब्यापाशी थांबणार, आणि एखाद्या दिवशी वेधशाळेने वाऱ्याचा नारिंगी इशारा दिला की हॉटेलातच बसून राहावे लागणार. असा एक दिवस बुडाला की पुढची सगळी आरक्षणे कोलमडतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पूर्ण फेरी सोडून द्या. थिंगवेत्लिरचे राष्ट्रीय उद्यान, गेसिरचे गरम पाण्याचे झरे आणि गुल्फॉसचा धबधबा पाहून दक्षिण किनाऱ्याने व्हीक गावामार्गे योकुल्सारलोनच्या हिमनगांच्या सरोवरापर्यंत जा आणि त्याच रस्त्याने परत या. राजधानी रेक्याविकपासून ते अंतर एका बाजूने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे एखादा दिवस वाया गेला तरी बिघडत नाही.

लांडमन्नालायगारचे तर नावच काढू नकोस. तिकडे जाणाऱ्या ‘एफ’ क्रमांकाच्या डोंगरी रस्त्यांवर फोर बाय फोर गाडीच लागते, वाटेत पूल नसलेले ओढे ओलांडावे लागतात, आणि ओढ्यात इंजिनात पाणी शिरले तर भाड्याच्या गाडीचा विमा सहसा एक पैसाही देत नाही.

सुनंदा: वन्सं, मला तर ज्वालामुखीचीच धास्ती वाटते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रिंदाविक हे अख्खे गाव रातोरात रिकामे केले होते ना? ते विमानतळापासून फार लांब नाही म्हणतात.

वसुधाआत्या: वहिनी, तुमचे म्हणणे खरे आहे, पण तिथली यंत्रणा जागी असते, धोका दिसला की रस्ते बंद करतात आणि त्या भागातील मोबाइलवर संदेशही येतो. मला अधिक भीती वाटली ती वाऱ्याची आणि समुद्राची. व्हीकच्या पेट्रोल पंपावर आतोबांनी निष्काळजीपणे दार उघडले, तर वाऱ्याने ते असे उलटे ओढले की बिजागरीच वाकली, आणि वाऱ्याने झालेले नुकसान आमच्या विम्यात धरलेले नव्हते. (तो आकडा मी ग्रुपवर लिहिणार नाही.) गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडावे. रेनिस्फ्यारा किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर तर शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट येऊन माणसे ओढून नेते, तेव्हा तिथे फोटोसाठी समुद्राकडे पाठ करू नका.

समीर: गाडी चालवताना आपल्यापेक्षा वेगळे काय जाणवते?

वसुधाआत्या: उजवीकडून चालवण्याची सवय एका दिवसात होते. दिवे भर दुपारीसुद्धा लावून ठेवावे लागतात. दोन पदरी चौकाच्या गोलात आतल्या पदरातील गाडीला आधी बाहेर पडू द्यायचे असते, हे मला दोनदा हॉर्न ऐकल्यावर कळले. एकेरी पुलावर जी गाडी पुलाच्या जवळ असेल ती आधी जाते. रस्त्याच्या एका बाजूला मेंढी आणि दुसऱ्या बाजूला तिचे कोकरू दिसले, तर कोकरू आईकडे धाव घेणारच, असे धरून वेग कमी करावा. आणि रस्ता सोडून गाडी बाहेर घालणे हा गुन्हा आहे, कारण तिथल्या शेवाळावर उमटलेली चाकोरी भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

अप्पा: समीर, योकुल्सारलोनला जाताना एल्डह्रायन हे शेवाळाने झाकलेले लाव्हाचे मैदान लागेल. १७८३ साली लाकी येथे जमीन सुमारे २७ किलोमीटर लांब भेगेतून फाटली आणि आठ महिने हाच लाव्हा वाहत राहिला. विषारी वायूंनी गुरे मेली आणि पुढच्या दुष्काळात देशातील जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे गेली. आपला सह्याद्रीही अशाच थरावर थर साचलेल्या लाव्हाचा आहे, फक्त तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीला जसे दगडी खांब आहेत, तसेच तुला रेनिस्फ्याराला दिसतील.

पण मला पाहायचे आहे ते त्याच्या पुढचे. स्केइदारा नदीवरचा पूल बांधून झाला तेव्हा, १९७४ साली, रिंग रोड पुरा झाला. १९९६ मध्ये हिमनदीखाली उद्रेक होऊन आलेल्या लोंढ्याने त्या पट्ट्यातले पूल मोडले, आणि पिळवटलेल्या दोन तुळया तिथे रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. बांधकाम खात्यात तीस वर्षे पूल बांधलेल्या माणसाला धबधब्याचे फोटो नकोत. त्या तुळयांचे पाठव, आणि शेजारी नेहाला उभी कर, म्हणजे मापाचा अंदाज येईल.

समीर: आजोबा, नक्की पाठवतो. आत्या, उत्तरेकडची दोन्ही हॉटेले रद्द करून व्हीकला आणखी एक रात्र घेतली आहे, आणि वाऱ्याचे नुकसान विम्यात धरले आहे का, हे गाडीवाल्यांना आत्ताच लेखी विचारतो.