फॅमिली कोर्टात वकिलाशिवाय लढणाऱ्याच्या शेजारी आपलं माणूस बसू द्यावं का?

कृष्णाकाठ_सांगली:
माझं मत, बसू द्यावं. फॅमिली कोर्टाचा कायदा १९८४ चा, त्याच्या कलम १३ मध्ये वकील हा पक्षकाराचा हक्क धरलेलाच नाही, मग एकट्या माणसाला आधार कुणी द्यायचा? इंग्लंडात १९७० च्या मॅकेन्झी केसपासून वकील नसलेलं माणूस शेजारी बसतं, टिपणं घेतं, हळूच सांगतं, जजसमोर बोलत मात्र नाही. आपल्याकडं पोटगीला २०२० पासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. आता तासगावकडची एखादी बाई घ्या, बाग नवरा कसतो पण सातबारा सासऱ्याच्या नावावर, बेदाणा कोल्ड स्टोरेजला पडून, कुठल्या व्यापाऱ्याकडनं पैसे येतात हे तिला तोंडपाठ, पण कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते कळत नाही. शिकलेली मावसबहीण शेजारी असली तर काय बिघडतं?

वकील_कराड:
बिघडतं ना. शपथपत्रात अंदाजे आकडा टाकला की उलटतपासात तोच अंगावर येतो. मावसबहीण म्हणणार दे पुरसिस (कोर्टाला सहीनिशी लिहून द्यायचं निवेदन), मिटव एकदाचं, आणि सही झाल्यावर निस्तरायचं कुणी? शिवाय बाईला उत्पन्न कितीही असू दे, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील फुकट मिळतो, १५१०० ला फोन करून विचारा. ते सोडून मदतनीस आणले तर कोर्टाबाहेरचे एजंट उद्या तेच नाव लावून पैसे उकळतील.

माणदेशी_ताई:
वकीलसाहेब, फुकटचा वकील मिळतो हे गावात किती जणींना माहीत असतं? आणि बेताच्या कमाईचा पुरुष, जो उत्पन्नाच्या मर्यादेत बसत नाही पण फी पण परवडत नाही, त्याचं काय? बाई मागं भिंतीला उभी असते, कडेवर पोर रडतंय, पुकारा झालेला ऐकूच येत नाही, पुढची तारीख कुणीतरी पुटपुटतं आणि ती तशीच एसटी धरते. तारीख चुकली की अर्ज निकाली निघायची भीती. यात कायदा सांगायचा नाहीये ओ, फक्त तारीख लिहून घ्यायचीय.

मिरजकर:
मला भीती वेगळीच आहे. शेजारी बसणार कोण, तर भाऊ नाहीतर मामा. मग बोलणार तो, ठरवणार तो. भाऊ समोर असताना "मला नांदायला जायचंय" किंवा "मला माहेरी पण नको" असं कुठली बाई सांगेल? समुपदेशकाच्या खोलीत तरी तिला एकटीला बोलू द्या.

कृष्णाकाठ_सांगली:
मिरजकर, हे शंभर टक्के पटलं, त्या खोलीत कुणीच नको. पैसे घेणाराही नको. मग विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरा लीगल व्हॉलंटियर आहेतच की, ट्रेनिंग झालेले, नात्यातले नाहीत, तेच बसवा. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरात आलं, अपिलाला मुंबई गाठायचं वाचलं, चांगलंच झालं, पण खाली जो कागद लावलाच नाही तो वर लावायला जीव जातो.

वकील_कराड:
व्हॉलंटियर असेल तर माझी हरकत नाही, फॉर्म भरू दे, तारखा लिहू दे. पण पुरावा सुरू झाला की ते पुरत नाही. समोरच्याला वकिलाची परवानगी दिली असेल तर हिच्यासाठी कोर्टाने त्याच कलम १३ खाली न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारा कायद्याचा जाणकार, नेमावा, आणि तो अर्ज कसा करायचा एवढं त्या व्हॉलंटियरने पहिल्या तारखेलाच तिला सांगावं.